धुके, धूर आणि उडता पक्षी : छायाचित्र-समीक्षेतील एका निकषाची तपासणी

प्रस्तावना

पक्षी-छायाचित्रणाचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने छंद, पर्यटन आणि निसर्गसंवर्धन या अंगांनी झालेला आहे. कथा, कविता, नाटक, चित्रपट यांच्याप्रमाणे त्याकडे समीक्षेचा विषय म्हणून पाहण्याची सवय मराठी वाचकाला, आणि मराठीच्या प्राध्यापकालाही, फारशी नाही. परिणामी या क्षेत्रात वापरले जाणारे मूल्यमापनाचे निकष कोठून आले, ते नेमके कशाचे मोजमाप करतात आणि त्यांच्या आग्रहापायी काय गमावले जाते, हे प्रश्न बहुधा विचारलेच जात नाहीत. प्रस्तुत लेखात त्यांपैकी एकाच निकषाची, म्हणजे 'स्पष्टते'ची, तपासणी करावयाची आहे. आणि ती धूसर प्रकाशात टिपलेल्या उडत्या पक्ष्यांच्या छायाचित्रांच्या आधारे करावयाची आहे. लख्ख उन्हात हा निकष निरुपद्रवी असतो. प्रकाश अडचणीचा झाला की तो काय करू लागतो, हे पाहण्यासारखे आहे.

या विषयाकडे प्रस्तुत लेखिका वळली ती एका चुकीमुळे. काही वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन छायाचित्र स्पर्धेच्या तीन परीक्षकांपैकी मी एक होते. अंतिम फेरीत दोन छायाचित्रे उरली. दोन्ही भिगवणची, दोन्ही हिवाळ्यातल्या सकाळची, दोन्हींत रोहित पक्ष्यांचा उडता थवा. पहिल्यात सात पक्षी होते. पंखांवरील लाल आणि काळा रंग ठळक, पायांवरून ओघळणारे पाण्याचे थेंब मोजता यावेत इतके स्वच्छ, मागे निळसर आकाश. दुसऱ्यात पक्षी किती हेच नीट सांगता येत नव्हते. पांढऱ्या-करड्या पटलात लांबट मानेच्या आणि लांबट पायांच्या काही रेघा, उजवीकडे दाट, डावीकडे विरळ होत गेलेल्या. खाली पाणी कोठे संपते आणि हवा कोठे सुरू होते याचा पत्ता नाही. 'शार्पनेस नाही' या दोन शब्दांत दुसरे छायाचित्र बाद झाले. निर्णयपत्रकावर माझीही सही आहे. मी असहमत नव्हते. माझ्याजवळ असहमत होण्यासाठी लागणारी भाषाच नव्हती. पुढील विवेचन म्हणजे ती भाषा शोधण्याचा, उशिरा केलेला, प्रयत्न आहे.

धूसरतेचे स्वरूप

भीमा नदीवरील उजनी धरणाच्या फुगवट्याच्या वरच्या अंगाला, पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात भिगवण, डिकसळ, कुंभारगाव ही गावे आहेत. पाणी ओसरू लागले की उथळ दलदलीचे पट्टे उघडे पडतात आणि तेथे रोहित, चित्रबलाक, पट्टकादंब, सुरय, कुरव असे नाना पक्षी उतरतात. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड होते आणि वर तुलनेने उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. या झाकणाखाली पाण्याची वाफ, धूळ आणि चुलीचा वा शेतातला धूर अडकून राहतो. सूर्य वर येऊन जमीन तापेपर्यंत हे मिश्रण हलत नाही. छायाचित्रकाराला हवा असलेला कोवळा, तिरपा प्रकाश आणि हे मिश्रण यांची वेळ नेमकी एकच असते.

धूसर हवेत दोन गोष्टी एकाच वेळी घडतात, आणि समीक्षेच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. पक्ष्यापासून निघालेला प्रकाश वाटेत विखुरतो व थोडासाच भिंगापर्यंत पोहोचतो, ही पहिली गोष्ट. दुसरी अशी की, पक्ष्याशी ज्याचा काहीही संबंध नाही असा सूर्यप्रकाश वाटेतल्या कणांवरून वळून भिंगात शिरतो. म्हणजे धुक्याच्या छायाचित्रात केवळ काही कमी झालेले नसते, काही वाढलेलेही असते. वाढलेली ती गोष्ट म्हणजे हवा. एरवी जी कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही, ती येथे दृश्यमान झालेली असते. धुक्याचे थेंब तुलनेने मोठे असल्याने सर्व रंगांचा प्रकाश जवळपास सारखाच विखुरतात, म्हणून धुके पांढरे दिसते. धुराचे बारीक कण निळा प्रकाश अधिक विखुरतात, म्हणून उगवत्या सूर्याकडे तोंड करून पाहिले असता धुराचा थर पिवळसर-तपकिरी भासतो.

वस्तू आणि तिची पार्श्वभूमी यांतील तफावत अंतरानुसार किती घटते, याचे गणित कोश्मीडर या शास्त्रज्ञाने १९२४ मध्ये मांडले. ही घट सरळ रेषेत होत नाही, घातांकी असते. उदाहरणादाखल, दृश्यमानता १ किलोमीटर आहे असे धरू. ज्या अंतरावर मूळच्या तफावतीपैकी केवळ २ टक्के उरते, त्या अंतराला या गणितात दृश्यमानता म्हणतात. अशा हवेत ३०० मीटरवरच्या पक्ष्याची तफावत मूळच्या सुमारे ३१ टक्के उरते, १०० मीटरवर सुमारे ६८ टक्के आणि ५० मीटरवर ८२ टक्के. हे आकडे वाचकाने लक्षात ठेवावेत. पुढे नावेच्या संदर्भात त्यांच्याकडे परत यावयाचे आहे.

कॅमेऱ्याची अडचण यातूनच उद्भवते. स्वयंचलित फोकस तफावतीच्या आधारे काम करतो. तफावत नसेल तर भिंग पुढे-मागे चाचपडत राहते आणि थवा निघून जातो. प्रकाशमापक सारे जग मध्यम करडे आहे असे गृहीत धरतो. पांढऱ्याशुभ्र धुक्यासमोर तो चुकतो आणि चित्र मळकट येते, म्हणून जाणकार छायाचित्रकार मापकाच्या सांगण्यापेक्षा एक ते दीड 'स्टॉप' जास्त प्रकाश मुद्दाम देतो. वेगाचे त्रांगडे निराळेच. रोहित ताशी ५० किलोमीटर वेगाने उडतो असे धरले, तर १/२००० सेकंदात तो सुमारे ७ मिलिमीटर सरकतो आणि १/२५० सेकंदात साडेपाच सेंटिमीटर. पहिला वेग निवडला तर आठपट कमी प्रकाश मिळतो, त्याची भरपाई आयएसओ वाढवून करावी लागते आणि चित्रात कणीदार खरखर येते. दुसरा निवडून कॅमेरा पक्ष्याबरोबर फिरवत नेला तर शरीर बऱ्यापैकी स्थिर राहते, पंखांची टोके मात्र पुसट होतात. यांतील प्रत्येक निवड ही आशयाची निवड आहे. पुसट टोकांत पंखाची हालचाल असते. गोठलेल्या पिसांत ती नसते. स्पर्धेच्या परीक्षकाला मात्र पहिलीच निवड 'बरोबर' आणि दुसरी 'चुकलेली' वाटते, आणि ही समजूत इतकी रूढ आहे की तिला तिचा इतिहास असेल असे आपल्या मनातही येत नाही.

मारे : हवा वगळण्याचा इतिहास

हा इतिहास एतियेन-ज्यूल मारे (१८३०–१९०४) या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञापासून सुरू करता येईल. मारे छायाचित्रकलेचा उपासक नव्हता. पक्षी उडतो म्हणजे त्याचे पंख क्षणाक्षणाला कोठे असतात, हे त्याला मोजावयाचे होते. १८८२ मध्ये नेपल्स येथे त्याने 'छायाचित्र-बंदूक' तयार केली. बंदुकीसारखीच नळी, बंदुकीसारखाच दस्ता. चाप ओढला की आत फिरणाऱ्या काचपट्टीवर सेकंदाला १२ चित्रे उमटत, प्रत्येकी १/७२० सेकंदाची. नेपल्सच्या आकाशात उडणाऱ्या समुद्रपक्ष्यांवर त्याने ती रोखली. मिळालेल्या प्रतिमा चिमुकल्या, जवळजवळ केवळ सावल्या होत्या. उजळ आकाशापुढे गडद पक्षी. पीस नाही, डोळा नाही, रंग तर नाहीच.

आजच्या स्पर्धेत मारेच्या या प्रतिमा पहिल्या फेरीतच बाद झाल्या असत्या. परंतु मारेला जे हवे होते, म्हणजे पंखाची स्थिती, त्यासाठी ती छायाकृती पुरेशी होती. तो असमाधानी राहिला तो वेगळ्या कारणाने: एकामागोमागच्या स्थिती त्याला एकाच काचेवर हव्या होत्या. ते आकाशासमोर शक्य नव्हते, कारण उजळ आकाश प्रत्येक वेळी काच भाजून काढी. म्हणून पॅरिसमधील आपल्या प्रयोगस्थळी त्याने काळ्याभोर पार्श्वभूमीची शेड उभारली आणि तिच्यापुढून पांढरे पक्षी उडवले. काळे ते अनुद्भासित राहिले, पांढरे तेवढे उमटले. १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पक्ष्यांच्या उड्डाणावरील ग्रंथामागे हे काम आहे. त्यातून विमानविद्येला मिळालेली प्रेरणा सर्वश्रुत आहे. समीक्षेला त्यातून मिळालेला वारसा मात्र कोणी तपासलेला नाही. पक्षी पाहावयाचा तर त्याच्याभोवतीचे सारे वगळले पाहिजे, हा तो वारसा होय. आजच्या 'स्वच्छ पार्श्वभूमी'च्या आग्रहात मारेची काळी शेड उभीच आहे.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते. आयुष्याच्या अखेरीस, १८९९ ते १९०१ या काळात, याच मारेने काचेच्या पेटीतून धुराच्या समांतर धारा सोडल्या, त्यांच्या वाटेत निरनिराळ्या आकारांचे अडथळे ठेवले आणि धूर कसा वळतो, फुटतो, भोवरे घेतो याची छायाचित्रे घेतली. हवेची हालचाल पाहावयाची तर हवेत काहीतरी मिसळल्याखेरीज गत्यंतर नाही, हे त्याने ओळखले होते. ज्याने पक्ष्याच्या मागची हवा काढून टाकली, त्याच माणसाने ती पुन्हा पाहण्यासाठी धूर आणला. या दोन टोकांतील पहिलेच आपण उचलले.

फुकासे : कावळे आणि काळोख

दुसरी परंपरा जपानची आहे. मासाहिसा फुकासे (१९३४–२०१२) हा होक्काइडो बेटावरील, छायाचित्रांचा स्टुडिओ चालविणाऱ्या घरातला मुलगा. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर, दाम्पत्यजीवन मोडत असता, तो जन्मभूमीकडे जाणाऱ्या गाडीत बसला आणि वाटेत दिसणारे कावळे टिपू लागला. हे काम तो पुढे कित्येक वर्षे करीत राहिला; एका मासिकातून त्याचे भाग प्रसिद्ध होत गेले आणि १९८६ मध्ये 'कारासु', म्हणजे 'कावळे', या नावाने ग्रंथ आला. २०१० मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी या नियतकालिकाच्या पाहणीत आधीच्या पाव शतकातील सर्वोत्कृष्ट छायाचित्र-ग्रंथ म्हणून त्याची निवड झाली. तोवर, म्हणजे १९९२ पासूनच, जिन्यावरून पडून मेंदूला झालेल्या दुखापतीमुळे फुकासेचे काम थांबलेले होते.

या ग्रंथातील पक्ष्यांना पक्षिशास्त्राच्या पुस्तकात जागा मिळणार नाही. बर्फाळ संधिप्रकाशात, रात्री, खिडकीच्या काचेपलीकडून, जोरदार फ्लॅशमध्ये घेतलेले हे कावळे भरड कणांत फुटून गेलेले आहेत. कोठे थवा म्हणजे आकाशावर उडालेले शाईचे शिंतोडे. कोठे झाडावर बसलेल्या अंधाराच्या ढिगात फ्लॅशमुळे चमकणारे डोळ्यांचे पांढरे ठिपके. तंत्राच्या पाठ्यपुस्तकात ज्यांना दोष म्हणतात ते बहुतेक सारे येथे आहेत. तरीही पानामागून पान उलटताना वाचक पक्ष्याच्या अधिकाधिक जवळ जात राहतो, हे कसे?

एक उत्तर असे देता येईल की हा कावळा फुकासेच्या एकाकीपणाचे प्रतीक आहे. हे उत्तर सोयीचे आहे आणि बहुतेक लेखनात ते आढळते. मला ते अपुरे वाटते. प्रतीक म्हटले की पक्षी संपतो आणि माणूस सुरू होतो. प्रत्यक्षात फुकासेच्या चित्रांत कावळ्याचे कावळेपण कमी झालेले नाही. फाटक्या किनारीचा पंख, झाडाकडे परतणाऱ्या थव्याची अस्ताव्यस्त दाटी, एकट्या पक्ष्याचे जडसे फडफडणे हे सारे त्या रेखाकृतींत आहे. इंग्लंडमधील पक्षिनिरीक्षक टी. ए. कॉवर्ड यांनी १९२२ च्या आपल्या पुस्तकात 'जिझ' ही संज्ञा रूढ केली. रंग, पिसे, चोच यांपैकी काहीही स्पष्ट दिसत नसताना केवळ ठेवणीवरून आणि चालीवरून पक्षी ओळखू येतो, त्या समग्र ठशाला त्यांनी हे नाव दिले. आपल्याकडच्या मासेमाराला ही संज्ञा ठाऊक नसेल, पण धुक्यातून जाणारा बगळा मान दुमडून उडतो आणि रोहित मान व पाय दोन्ही ताणून, एवढ्यावर तो क्षणात नाव सांगतो. म्हणजे अस्पष्टतेतही ज्ञान असते, आणि ते ज्ञान पिसे मोजणाऱ्या ज्ञानापेक्षा जुने आहे. स्पर्धेत बाद झालेल्या त्या दुसऱ्या छायाचित्रात हेच होते. रेघांवरून रोहित ओळखू येत होते. आम्हा तिघांपैकी कोणालाही त्याबद्दल शंका आली नव्हती, आणि तरी आम्ही 'पक्षी दिसत नाहीत' असे म्हटले.

मर्ढेकरांचा आधार, आणि त्याची मर्यादा

एम.फिल.च्या निमित्ताने मर्ढेकरांचे 'सौंदर्य आणि साहित्य' वाचले तेव्हा त्यांची लयविषयक मांडणी मला रुक्ष वाटली होती. संवाद, विरोध आणि समतोल या तीन तत्त्वांनी कलाकृतीतील घटकांचे परस्परसंबंध बांधले जातात, असे त्यांचे म्हणणे. छायाचित्राच्या संदर्भात ते अनपेक्षितपणे उपयोगी पडते. 'शार्पनेस' मागणारा परीक्षक वस्तुतः विरोध मागत असतो: पक्षी आणि आकाश, कड आणि पोकळी, लाल आणि निळे. धूसर छायाचित्र संवादावर उभे असते. त्यात करड्याच्या शेजारी थोडे निराळे करडे असते, आणि एका छटेतून दुसरीत जाण्याची क्रिया हाच त्याचा आशय असतो. अशा चित्राला विरोधाच्या मापाने मोजणे म्हणजे अभंगात नाट्यसंघर्ष शोधण्यासारखे आहे.

तथापि हे म्हणताना सावध राहिले पाहिजे. धुक्यातले प्रत्येक चित्र चांगले नसते. किंबहुना अलीकडे 'गूढ' धुक्याची, मागे केशरी सूर्याचा गोळा आणि पुढे काळ्या आकृती असलेली छायाचित्रे इतकी बोकाळली आहेत की त्यांचाही एक साचा झाला आहे. त्यांत धुके हे पडद्यासारखे वापरलेले असते. पक्षी कोणता, तो काय करतो आहे, याबद्दल छायाचित्रकाराला कुतूहल नसते. फुकासे आणि ही चित्रे यांत फरक कोणता, याचे उत्तर मर्ढेकरांच्या मांडणीतून मिळत नाही, कारण ती मांडणी चित्राच्या चौकटीतच थांबते. उत्तर चौकटीबाहेर, छायाचित्रकार आणि पक्षी यांच्यातील अंतरात आहे.

यंत्राने पुसलेली हवा

त्याआधी एका तांत्रिक वळणाचा विचार करणे भाग आहे. २००९ मध्ये हे कैमिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच प्रतिमेवरून धूसरता काढून टाकण्याची पद्धत मांडली. तिचे गृहीतक साधे पण चतुर आहे. स्वच्छ हवेत घेतलेल्या छायाचित्राच्या, आकाश सोडून, कोणत्याही लहानशा तुकड्यात लाल, हिरवा, निळा यांपैकी निदान एका रंगाची मात्रा कोठेतरी शून्याजवळ असते. ती तशी नसेल तर वर चढलेली मात्रा हवेची, म्हणून ती वजा करावी. २०१५ पासून लाइटरूम या लोकप्रिय प्रणालीत 'डीहेज' नावाची सरकपट्टीच आली. आता बोटाच्या एका हालचालीने सकाळ दुपार होऊ शकते. २०२३ पासून त्याच प्रणालीत खरखर काढण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन आले आहे. अशी साधने शिकवलेल्या असंख्य प्रतिमांच्या आधारे 'येथे काय असावे' याचा अंदाज बांधतात.

वर सांगितलेल्या गृहीतकात एक अपवाद आहे आणि तो त्या संशोधकांनी स्वतःच नोंदवला आहे: वस्तूचा रंगच हवेच्या प्रकाशासारखा असेल, तर पद्धत फसते. पांढरी भिंत आणि पांढरे धुके यांत तिला फरक करता येत नाही. म्हणजे धुक्यातला बगळा, कुरव किंवा फिकट अंगाचा रोहित हाच नेमका तिचा आंधळा कोपरा. यंत्र पक्ष्यालाच धुके समजते आणि त्याच्यातून हवा वजा करू पाहते. पक्षी काळवंडतो, त्याच्याभोवती उजळ कडे उमटते. मग छायाचित्रकार पक्षी वेगळा निवडून त्याला हाताने पुन्हा पांढरा करतो. विजेत्या छायाचित्रात पक्ष्यांच्या कडेने असे एक बारीक उजळ कडे होते. तेव्हा ते मला पहाटेच्या उन्हाची झालर वाटले होते.

अंतर आणि नाव

हवा यंत्राने पुसणे हा एक मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे हवेची जाडी कमी करणे, अर्थात जवळ जाणे. वर दिलेले आकडे येथे पुन्हा पाहावेत. ३०० मीटरवरून १०० मीटरवर आले की तफावत दुपटीहून अधिक होते. कोणतेही महागडे भिंग हे करू शकत नाही, कारण भिंग पक्षी मोठा करते पण मधली हवा कमी करत नाही. भिगवणच्या धुक्यात 'शार्प' चित्र हवे असेल तर नाव पुढे नेणे एवढाच खात्रीचा उपाय उरतो.

त्यात रोहित पक्ष्याची एक शारीरिक विशेषता भर घालते. तो उभा असताना बहुतांशी फिकट पांढरा-गुलाबी दिसतो. पंखांचा लाल आणि काळा रंग मिटलेल्या पंखात पुष्कळसा झाकलेला असतो. तो पूर्ण उघडतो उड्डाणात. मराठीतले 'अग्निपंख' हे नाव त्या उघडलेल्या पंखाचे आहे. त्यामुळे रंग हवा तर पक्षी उडाला पाहिजे आणि स्पष्टता हवी तर तो जवळून उडाला पाहिजे. मात्र नाव अगदी जवळ आली असता चिखलात चोच उलटी बुडवून गाळून खाणारा थवा उडतो तो केवळ घाबरून. या पक्ष्याला जागच्या जागी उडता येत नाही. पाण्यावरून धावत धावत त्याला वेग घ्यावा लागतो. खाणे सोडून असे वारंवार धावावे लागणे त्याला किती महाग पडत असेल, हे सांगण्यास पक्षिशास्त्रज्ञाची गरज नाही.

नावाड्याला दोष देणे सोपे आहे. ज्या पाण्याने गावे आणि शेते बुडवली त्याच पाण्यावर हिवाळ्याचे काही महिने पर्यटक नेऊन तो चार पैसे मिळवतो. मागे बसलेला माणूस 'अजून पुढे' म्हणतो आणि तो पुढे नेतो. त्या माणसाच्या 'अजून पुढे'मागे स्पर्धेचा निकष असतो, आणि निकषामागे आम्ही, परीक्षक. ही साखळी मला विजेते छायाचित्र दुसऱ्यांदा, सावकाश पाहताना उलगडली. त्यातले सातही पक्षी कॅमेऱ्यापासून दूर, एकाच दिशेला जात होते. आपल्याला दिसत होती ती त्यांची पाठ. पायांवरून ओघळणारे ते मोजता येणारे थेंब म्हणजे नुकतेच पाणी सोडल्याची खूण. खालच्या डाव्या कोपऱ्यात पाण्यावर तिरपी लाट होती, जी पक्ष्याच्या पायांनी उठत नाही. हे सारे चित्रातच होते. इतक्या स्वच्छ चित्रात मला ते दिसले नव्हते.

वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर या लंडनच्या स्पर्धेत २००९ साली पहिले आलेले लांडग्याचे छायाचित्र जानेवारी २०१० मध्ये अपात्र ठरविले गेले. उडी मारणारा तो लांडगा बहुधा माणसाळलेला होता, असा परीक्षकांचा निष्कर्ष होता. चित्र निर्दोष होते. प्राणी ती कृती कोणामुळे करतो आहे, हा प्रश्न मूल्यमापनात येतो, एवढे त्या निर्णयाने मान्य केले. आपल्या महाविद्यालयीन स्पर्धांच्या नियमपत्रकांत चित्राची रुंदी पिक्सेलमध्ये दिलेली असते. थवा स्वतः उडाला की उडवला, आणि अंदाजे किती अंतरावरून, हे विचारणारा रकाना मी अद्याप पाहिलेला नाही. मूळ, संस्कार न केलेली फाइल सोबत मागण्याची पद्धतही विरळाच. या दोन गोष्टी पुढील वर्षीपासून मागाव्यात, असे मी संबंधित समितीला लेखी कळविले आहे. त्यावर 'विद्यार्थी खोटे लिहितील' असा आक्षेप आला. लिहितीलही. प्रयोगवहीतही ते लिहितात. म्हणून आपण प्रयोगवही बंद केलेली नाही.

दुसऱ्या छायाचित्राविषयी

बाद झालेले छायाचित्र काढणाऱ्या विद्यार्थिनीकडून मी नंतर ते मागून घेतले. तिने ते काठावरून, नाव न घेता काढले होते. कारण विचारले तर म्हणाली, "मॅडम, नावेचे पैसे नव्हते." मी यात काही थोर नैतिक भूमिका शोधत होते, तिने ती शक्यता एका वाक्यात मिटवली. थवा आपल्या मर्जीने एका दलदलीवरून दुसरीकडे निघाला होता, आणि ती जवळपास दीड तास तेथे बसली होती.

ते छायाचित्र आता विभागातल्या माझ्या टेबलासमोर आहे. रोज पाहताना त्यातले करडे सारखे नाही, हे ध्यानात येत गेले. पाण्यालगतचा पट्टा दुधाळ आहे, त्यात पक्ष्यांचे पाय विरघळतात. त्याच्या वर, थव्याच्या मानांच्या पातळीवर, एक पातळ आडवा पट्टा निराळा आहे. किंचित पिवळट, कडेला तपकिरी, आणि वरच्या बाजूला चाकूने कापल्यासारखा सरळ. बरेच दिवस मी त्यालाही धुकेच समजत होते. विद्यार्थिनीला दाखवल्यावर तिने लगेच सांगितले की पलीकडच्या शिवारात आदल्या रात्री उसाचे पाचट पेटवले होते, त्याचा तो धूर. ऊस तोडून झाल्यावर पाचट जाळणे तिच्या घरीही होते. त्यात तिला नोंदवण्यासारखे काही वाटले नव्हते. वरची सपाट कड म्हणजे थंड हवेवर बसलेल्या त्या उबदार झाकणाची खालची बाजू.

म्हणजे मी ज्याला इतका वेळ संवादलय म्हणत होते, त्यात निम्मा धूर होता, आणि थवा त्यातूनच जात होता. या माहितीने छायाचित्र माझ्या दृष्टीने कमी सुंदर झाले की अधिक, हे मला अजून ठरवता आलेले नाही. कुतूहल म्हणून त्याच्या एका प्रतीवर डीहेजची पट्टी ओढून पाहिली. सर्वांत आधी तो पिवळट पट्टा गेला.